डबीराचा सुमंत झाला तेव्हा

जुन्नरच्या दक्षिणेला मानमोडीचा डोंगर आहे. तिथल्या लेण्यांत एक छोटासा शिलालेख आहे. ब्राह्मी अक्षरं, प्राकृत भाषा. लेख एका दानाचा आहे: पाण्याची एक पोढी, म्हणजे टाकं, आणि एक मंडप. दान देणारा वत्स गोत्राचा अयम नावाचा गृहस्थ. काळ दिला आहे तो वर्ष ४६ असा. एवढाच मजकूर. पण अयमाने आपण कोण हे सांगताना आपल्या धन्याचं नाव घेतलंय, आणि त्या नावाला जी बिरुदं लावली आहेत त्यांच्यापाशी मी प्रत्येक वेळी थबकतो. धनी आहे नहपान. तो ‘राजा’ आहे, ‘महाक्षत्रप’ आहे आणि ‘स्वामी’ही आहे. अयम स्वतः त्याचा ‘अमात्य’.

यातले राजा, स्वामी, अमात्य हे शब्द इथले. महाक्षत्रपातला क्षत्रप मात्र इराणातून चालत आलेला. हखामनी सम्राटांच्या प्रांताधिपतीला जुन्या फारसीत जे म्हणत, त्याचा अर्थ राज्याचं रक्षण करणारा. ग्रीकांनी त्याचं ‘सत्रापेस’ केलं, इंग्रजांनी ‘सॅट्रप’. आपल्याकडे तो ‘क्षत्रप’ झाला आणि इतका अंगासरसा बसला की नृप, भूप यांच्याच कुळातला वाटावा. संस्कृत आणि जुनी फारसी या मुळात बहिणी, म्हणून हे जमलं. तरी पदाची चौकट इराणी आहे: क्षत्रप कितीही मोठा असला तरी त्याच्या डोक्यावर कुणीतरी सम्राट गृहीत धरलेला असतो. नहपानाला ते पुरेसं वाटलं नसावं. म्हणून तो क्षत्रप राहून शिवाय राजाही झाला.

मानमोडीवरून शिवनेरी समोर दिसतो. तिथे १६३० साली जन्मलेल्या मुलाने पुढे चव्वेचाळीस वर्षांनी आपल्या एका मंत्र्याला ‘अमात्य’ हेच नाव दिलं. अयमाचा लेख त्याने वाचला असणं शक्य नाही. ती लिपी वाचणारं तेव्हा कुणी उरलेलं नव्हतं. पण शब्द टिकून होता.

किताब एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जातो तेव्हा नेमकं काय होतं, हा प्रश्न मला बरीच वर्षं सोबत करतो आहे. भाकरीचं किंवा नांगराचं भाषांतर करायचं तर वस्तू समोर असते. ‘राजा’ या शब्दासमोर अशी वस्तू नसते. तिथे एक उतरंड असते: कोण कुणाच्या वर, कुणी कुणापुढे मुजरा करायचा, कुणाच्या नावाने नाणं पडायचं. शब्द बदलला की उतरंडीतली जागा हलते, आणि म्हणून किताबाचं भाषांतर निव्वळ विद्वानांवर कुणी कधी सोडलेलं नाही.

नाण्यांवर हे स्वच्छ दिसतं. मिनँडर, म्हणजे बौद्ध परंपरेतला मिलिंद, हा ग्रीक राजा. त्याच्या चांदीच्या नाण्याच्या एका बाजूला ग्रीकमध्ये ‘बासिलेओस सोतेरोस मेनान्द्रू’ आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’. बासिलेउसचा महाराज झाला, सोतेरचा त्राता. हे खरंखुरं भाषांतर आहे. ग्रीक ‘बासिलेउस’मध्ये ‘महा’ असं काही नाही, तरी इथल्या प्रजेसाठी नुसता राजा पुरणार नाही हे टांकसाळीतल्या माणसाने ओळखलं.

नहपानाच्या नाण्यावर उलटा प्रकार. राजाच्या मुखवट्याभोवती ग्रीक अक्षरं आहेत, पण भाषा ग्रीक नाही. ‘राञो क्षहरातस नहपानस’ हे प्राकृत शब्द ग्रीक अक्षरांत कसेबसे बसवलेत. जोडीला तोच मजकूर ब्राह्मीत आणि खरोष्ठीत. ग्रीक समजणारं गिऱ्हाईक उरलं नव्हतं, अक्षरांचा रुबाब तेवढा उरला होता. नाशिकजवळच्या जोगलटेंभीला १९०६ साली ही नाणी तेरा हजारांवर सापडली. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. अशी नाणी पाहिली की काळजाला भिडतं: खाली नहपानाचं नाक, कान अजून दिसतात आणि त्यावर सातवाहनांचं चैत्याचं चिन्ह ठोकलेलं. राञो हा शब्द दोघांनाही तोच हवा होता. माणूस तेवढा बदलला.

आता या लेखाचा जो गाभा, तिकडे येतो.

सतराव्या शतकातला मराठी कारभार फारसी शब्दांनी भरलेला होता. निजामशाही आणि आदिलशाहीत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेल्या लोकांना तीच कामकाजाची बोली होती. मोडी कागदावर क्रियापदं मराठी, बाकीचं बरंचसं फारसी. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि आठ प्रधानांची पदं संस्कृत नावांनी उभी राहिली. पेशवा मुख्यप्रधान झाला, मुजुमदार अमात्य, सुरनीस सचिव, वाकनीस मंत्री, डबीर सुमंत, सरनोबत सेनापती. त्यांच्या जोडीला न्यायाधीश आणि पंडितराव.

शाळेत ही जोडी आपण पाठ करतो आणि पुढे जातो. थांबून पाहिलं तर ध्यानात येतं की यातलं जवळजवळ एकही शब्दशः भाषांतर नाही. पेशवा म्हणजे पुढे असणारा, पुढारी. तिथे प्रधान बरोबर बसतो. पण वाकनीस? वाकिया म्हणजे घडलेली गोष्ट, नवीस म्हणजे लिहिणारा. बातमी टिपून ठेवणारा तो वाकनीस. त्याला नाव मिळालं मंत्री, म्हणजे मसलत देणारा. डबीर हा फारसीत लेखक, चिठ्ठीपत्री सांभाळणारा. परराज्यांशी पत्रव्यवहार त्याच्याकडे. त्याला ‘लेखक’ म्हणता आलं असतं. म्हटलं सुमंत. दशरथाचा सुमंत्र आठवा: रामाला वनाच्या वाटेला लावून रिकामा रथ घेऊन परत येणारा, राजाच्या घरातला विश्वासू माणूस. सरनोबत म्हणजे नौबतीवरचा, पहाऱ्यावरचा मुख्य. तो झाला सेनापती.

म्हणजे रायगडावर कुणी कोश उघडून शब्दाला शब्द ठेवत बसलं नव्हतं. आधी हा विचार झाला की सुलतानाच्या दरबारातला हा चाकर स्वतंत्र हिंदू राजाच्या सभेत कुठे बसेल. जिथे बसेल तिथलं जुनं नाव रामायणातून, नीतिशास्त्रातून, स्मृतींतून उचललं. शब्दाचा अर्थ मागे राहिला आणि जागा पुढे आली. माझ्या मते किताबांचं भाषांतर करण्याची हीच एक खरी रीत आहे, आणि ती आपल्याकडे इतक्या जाणतेपणी वापरली गेली याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

कोशही झालाच. रघुनाथपंडितांच्या नावावर असलेला ‘राज्यव्यवहारकोश’ याच सुमाराचा, महाराजांच्या आज्ञेने केलेला. अमरकोशाच्या वळणावर श्लोकांत रचलेला, दहा वर्गांचा: राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, सामंतवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग, पण्यवर्ग. तेराशेच्या वर फारसी आणि अरबी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिलेले आहेत. किल्ल्यावरचा हवालदार, कोठीतला कारकून, स्वयंपाकघरातला पदार्थ, बाजारातला माल, काही सोडलेलं नाही. श्लोकात का रचला असावा? कारण तो तोंडपाठ व्हायला हवा होता. कारकुनाने लिहिताना पोथी चाळायची नव्हती. शब्द जिभेवर यायला हवा होता.

राज्याभिषेकाआधी सहा वर्षं घडलेली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. १६६८ साली औरंगजेबाने शिवाजी महाराजांना ‘राजा’ हा किताब मान्य केला. ‘राजा’ हा तर संस्कृत शब्द, मग १६७४ला वेगळं काय मिळवायचं होतं? फरक भाषेचा आहे. मोगलांच्या फारसीत ‘राजा’ हा बादशहाने द्यायचा खिताब होता. मनसबदाराच्या नावापुढे तो लागत असे. दिला तसा काढूनही घेता येत असे. तोच शब्द संस्कृतात अभिषेकाने सिद्ध होतो, तो कुणी देत नाही. अक्षरं दोनच आणि उच्चारही तोच, पण एका भाषेत त्याच्या वर बादशहा आहे आणि दुसऱ्या भाषेत आकाश. अभिषेकाने ‘राजा’ या शब्दाचं फारसीतून संस्कृतात भाषांतर केलं, असं मी म्हणेन.

आमच्या घरी आजीच्या देवाच्या डब्यात एक शिवराई होती. तांब्याची, कडा वेड्यावाकड्या, मधोमध हाताळून गुळगुळीत झालेली. एका बाजूला तीन ओळी: श्री, राजा, शिव. दुसऱ्या बाजूला दोन: छत्र, पति. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून ‘छत्र’ची एक बाजू नाण्याबाहेरच गेलेली. ‘राजा’ पुढच्या बाजूला आणि ‘छत्रपति’ मागच्या. नाणं उलटवलं की पहिल्या शब्दाचा अर्थ कळतो: हा राजा कुणाच्या छत्राखाली नाही, छत्र त्याचंच आहे. इंग्रजांच्या कागदांत या ‘छत्रपति’ला कधी प्रतिशब्द मिळाला नाही, ते आपले ‘राजा’च लिहीत राहिले.

संस्कृत नावांनी फारसी पुसून टाकली असं मात्र झालं नाही. फारसी शब्दांचं प्रमाण पत्रांतून कसं घटत गेलं ते इतिहासाचार्य राजवाड्यांनी शब्द मोजून दाखवलं आहे, आणि ते खरंच आहे. पण किताबांची गोष्ट निराळी. जिंजीच्या संकटकाळात राजाराम महाराजांनी रामचंद्रपंत अमात्यांना जो सन्मान दिला तो ‘हुकूमतपनाह’. अमात्य हे संस्कृत पद, आणि त्यावर फारसी बिरुद! चव्हाण घराण्याला ‘हिंमतबहादूर’ मिळालं. कान्होजी आंग्रे ‘सरखेल’ झाले. खेल हा शब्द मुळात घोड्यांचा, घोडेस्वारांच्या तुकडीचा, तो आपल्या लोकांनी समुद्रात उतरवला. यात नवल वाटू नये. इंग्रजांचा ‘ॲडमिरल’ अरबी अमीरापासून निघाला आहे, आणि आपलं ‘आरमार’ पोर्तुगिजांच्या आर्मादापासून. दर्यावर कुणाचीच भाषा सोवळी राहत नाही.

नागपूरकर भोसल्यांचा किताब ‘सेनासाहेब सुभा’: एक शब्द संस्कृत, दोन अरबी. गायकवाडांचा ‘सेनाखासखेल समशेरबहादूर’. कानाला हे किताब मोठे गोड लागतात. पण ते नुसते गोड नाहीत. एकाच सरदाराला साताऱ्याच्या छत्रपतींपुढे, दिल्लीच्या बादशहापुढे आणि हैदराबादच्या नवाबापुढे आपली पायरी सांगायची होती. म्हणून किताबात सगळ्यांना कळेल असा एकेक शब्द.

महादजी शिंद्यांनी हे सर्वांहून नीट ओळखलं होतं. दिल्लीच्या बादशहाने पेशव्यांना ‘वकील-इ-मुतलक’ केलं आणि महादजींना त्यांचे नायब. वकील-इ-मुतलक म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी. मोगल दरबारात याहून वरचं पद नाही. तेव्हाच्या मराठीत मात्र वकील म्हणजे एका दरबाराने दुसऱ्या दरबारात ठेवलेला माणूस. पुण्याच्या कानाला तो शब्द ऐकायला लहान, दिल्लीच्या कानाला प्रचंड. १७९२ साली महादजी ती वस्त्रं आणि फर्मानं घेऊन पुण्याला आले, मोठा समारंभ झाला. आणि एवढं सगळं पदरी असताना ते स्वतःला म्हणवत राहिले पाटील. कण्हेरखेडची पाटीलकी वडिलोपार्जित होती, ती कुणी दिलेली नव्हती. हिंदुस्थानभर ज्यांचा दरारा ते ‘पाटीलबावा’. काहींना यात धूर्तपणा दिसतो. मला दिसतं ते असं: फारसीतला किताब बादशहा गेला की जाणार, पेशव्यांनी दिलेला पेशव्यांबरोबर जाणार, पाटील हा शब्द गावाचा होता, आणि गाव कुठे जाणार नव्हतं.

३१ डिसेंबर १८०२चा वसईचा तह काढून पाहा. दुसऱ्या बाजीरावाचं नाव त्यात येतं ते ‘हिज हायनेस पेशवा’ म्हणून, आणि नावापुढे ‘पंडित प्रधान बहादूर’. एका ओळीत इंग्रजी, फारसी आणि संस्कृत. त्यातला इंग्रजी शब्द सर्वांत नवा आणि सर्वांत जड होता. इंग्रजांच्या रीतीत राजाला ‘मॅजेस्टी’, त्याखालच्याला ‘हायनेस’. हिंदुस्थानातल्या संस्थानिकांना त्यांनी पुढे सहसा ‘मॅजेस्टी’ होऊ दिलं नाही. मराठीत दोन्हींचं भाषांतर ‘महाराज’ असंच होतं, त्यामुळे आपल्या लोकांना ती पायरी दिसलीच नाही.

ती पायरी किती जपून बांधली होती ते १८७७ साली दिसलं. आदल्या वर्षी पार्लमेंटने व्हिक्टोरिया राणीला ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ केलं होतं. आता हे हिंदुस्थानी भाषांत कसं म्हणायचं? ‘पादशाह’ म्हणावं तर दिल्लीच्या जुन्या बादशहांची आठवण. ‘महाराणी’ म्हणावं तर प्रत्येक संस्थानात एक बसलेली. लाहोरच्या सरकारी कॉलेजचे प्राचार्य लाइटनर यांनी शब्द सुचवला ‘कैसर-ए-हिंद’. रोमचा सीझर जर्मनीत कायझर झाला, रशियात झार, आणि अरबी-फारसी ग्रंथांत कैसर. शब्द ओळखीचा होता आणि हिंदुस्थानातल्या कुठल्याही गादीवर त्याची छाया नव्हती. लाइटनर यांची निवड चोख होती हे कबूल केलं पाहिजे. कैसर हा पुरुषी शब्द, तरी तो बाईला लागला.

१ जानेवारी १८७७ला दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने तो किताब पुकारला. त्या दरबारात बडोद्याचा एक मुलगा होता. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून दोनच वर्षांपूर्वी दत्तक आलेला, वय तेरा. सयाजीराव गायकवाड. त्याच्या ‘सेनाखासखेल समशेरबहादूर’मागे आता आणखी एक बिरुद जोडलं गेलं: ‘फर्जंद-ए-खास-ए-दौलत-ए-इंग्लिशिया’. इंग्रज सरकारचा खास पुत्र. इंग्रजांनी दिलेला किताब, आणि तो फारसीत! कारण ‘सन ऑफ दी एम्पायर’ असं इंग्रजीत लिहिलं असतं तर विलायतेत प्रश्न विचारले गेले असते. फारसीत ते शोभून गेलं. आणि शब्द कोणता निवडला? पुत्र. मोठेपणा द्यायचा आणि त्याच शब्दात वडीलपण स्वतःकडे ठेवायचं. कोल्हापूरचंही तसंच. शाहू महाराज गादीवर आले ते छत्रपती म्हणून. इंग्रजी दप्तरात त्यांना ‘राजा’वरून ‘महाराजा’ केलं गेलं ते १९०० साली. छत्रपतींना महाराजा ही बढती! मराठीत हे वाक्य उभंच राहत नाही.

हाताखालच्या लोकांना द्यायच्या किताबांतही हीच नजर होती. मान एकच, पण मुंबई इलाख्यातल्या हिंदूला तो ‘रावबहादूर’, बंगाल आणि उत्तरेकडच्या हिंदूला ‘रायबहादूर’, मुसलमानाला आणि पारशाला ‘खानबहादूर’. राव काय, राय काय, दोन्ही राजाचीच झिजलेली रूपं. लोकहितवादी रावबहादूर, न्यायमूर्ती रानडे रावबहादूर. गोव्यात पोर्तुगिजांनी पेडण्याच्या देशप्रभूंना ‘व्हिस्कोंदी’ केलं. व्हिस्कोंदी म्हणजे मूळ अर्थाने काउंटचा दुय्यम. ‘देशप्रभू’ या आडनावात देशही आहे आणि प्रभूही. त्या नावाच्या माणसाला परक्या भाषेत दुय्यम व्हायची पाळी आली.

साध्या माणसांनी यातलं काय घेतलं? ‘लॉर्ड’चं त्यांनी ‘लाटसाहेब’ केलं. भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनला कैसर वगैरे काही न म्हणता ‘राणीची बाग’ म्हटलं. बागेला आता वीरमाता जिजाबाईंचं नाव आहे, तरी पोरं राणीच्या बागेतच जातात. या भाषांतराला कुणाची परवानगी लागली नाही.

युरोपकडे मी फार वळत नाही, तो आपल्या घरचा विषय नाही. पण मराठी अनुवादकांसाठी एक गोष्ट सांगतो. ‘ड्यूक’ हा लॅटिन ‘दुक्स’पासून आला, अर्थ पुढे चालणारा, नेता. व्हेनिसचा ‘दोजे’ त्याचाच भाऊ. जर्मन ‘हेरझोग’चा अर्थ सैन्यापुढे चालणारा, स्लाव लोकांच्या ‘व्होयव्होदा’चा तोच. म्हणजे शब्दाने पाहिलं तर हे सगळे आपले सेनापती. पण चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज ड्यूकला सेनापती म्हटलं तर साफ चुकेल. तेव्हा ती जमीनदारीची आणि मानाची पायरी झाली होती. आपल्याकडे ड्यूक, अर्ल, काउंट, बॅरन या सगळ्यांना सरसकट ‘सरदार’ किंवा ‘उमराव’ म्हणून मोकळं होतात. मला हे पटत नाही. परक्याची उतरंड परक्या नावांनीच दिसू द्यावी. ड्यूकला ड्यूक म्हणावं. भाषांतर करायचं ते पद जेव्हा आपण आपलं करून घेत असू तेव्हा, रायगडावर केलं तसं.

ते किती आपलं झालं याची खूण रोजच्या वर्तमानपत्रात आहे. हिंदी माणूस देशाच्या कारभाऱ्याला प्रधानमंत्री म्हणतो, आपण पंतप्रधान म्हणतो. पेशव्यांच्या शिक्क्यांत ‘पेशवा’ नसे, ‘प्रधान’ असे. संविधानाच्या १८व्या कलमाने किताब गेले, १९७१ साली संस्थानिकांची मान्यता आणि तनखे गेले, पण पेशव्यांच्या पदाचं मराठी नाव दिल्लीच्या खुर्चीला लागून राहिलं. आणि बाकीचे किताब आडनावं होऊन आपल्या दारावरच्या पाट्यांवर राहतात: फडणीस, चिटणीस, पारसनीस, पोतनीस, मुजुमदार, डबीर, सरनोबत, सरदेशमुख, आणि त्यांच्या शेजारी अमात्य, सुमंत, प्रतिनिधी.

म्हणून शेवटी एक विनंती. अनेक घरांत जुन्या सनदा, वतनपत्रं, मोडी कागद अजून आहेत, आणि हल्ली त्यांचं देवनागरीत लिप्यंतर करून घेण्याची चांगली चाल पडली आहे. ते करताना पदांची नावं ‘शुद्ध’ करू नका. प्रतापराव गुजर फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीला पडले, राज्याभिषेकाच्या आधी. ते सरनोबत होते. पुस्तकांतून, नाटकांतून आपण त्यांना सेनापती करून टाकलं आणि त्या दोन शब्दांमध्ये रायगडावर जे घडलं ते आपल्याच हाताने पुसलं. कागदावर मुजुमदार असेल तर मुजुमदारच लिहा, अमात्य असेल तर अमात्य. तारीखही लिहून ठेवा.